फोन बंद होता ती तीस मिनिटं

२७ जानेवारी १९८६ची रात्र. अमेरिकेत तीन ठिकाणी बसलेली माणसं एका फोनवर आली होती. युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर आणि त्यांचे वरिष्ठ, अलाबामात नासाच्या मार्शल केंद्रातले अधिकारी आणि फ्लोरिडात केनेडी तळावर उड्डाणाच्या तयारीला लागलेली मंडळी. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान सोडायचं होतं. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकललं गेलं होतं. यानात ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका बसणार होती आणि देशभरातल्या शाळांमधून मुलं टीव्हीवर ते पाहणार होती. एरवी उबदार असणाऱ्या फ्लोरिडात त्या रात्री पारा शून्याखाली आठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरेल, असा अंदाज आला होता.

यानाच्या दोन्ही अंगांना लावलेले घन इंधनाचे बूस्टर थायोकॉल बनवत असे. पंचेचाळीस मीटर उंचीचा बूस्टर अखंड बनवून युटाहून रेल्वेनं आणणं शक्य नव्हतं. तो तुकड्यांत यायचा आणि तळावर जोडला जायचा. प्रत्येक जोडात रबराच्या दोन ओ-रिंगा. जाडी जेमतेम सात मिलिमीटर, वर्तुळ मात्र साडेतीन मीटरांहून मोठं. आतला जळता वायू सांध्यातून बाहेर फुटू नये, एवढंच त्यांचं काम. कुकरची रिंग जुनी होऊन कडक झाली की वाफ कडेनं कशी फुसफुसते, हे प्रत्येक घरात माहीत असतं. बूस्टर पेटताक्षणी दाबानं सांधा किंचित उघडतो, आणि रबरानं तेवढ्याच चपळाईनं फुगून ती फट भरायची असते. रबर गारठलेलं असेल तर ते उशिरा हलतं.

वर्षभरापूर्वी, जानेवारी १९८५मध्ये, सुमारे बारा अंशांवर एक उड्डाण झालं होतं. समुद्रातून परत आणलेला बूस्टर उघडला तेव्हा दोन रिंगांच्या मधलं ग्रीस काळंकुट्ट झालेलं सापडलं. वायू पहिली रिंग ओलांडून आत आला होता. ते ग्रीस ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांत रॉजर बोझोले हे इंजिनिअर होते. त्यांनी ३१ जुलै १९८५ रोजी कंपनीच्या अभियांत्रिकी उपाध्यक्षांना लेखी कळवलं की हा प्रश्न सोडवला नाही तर माणसं मरतील. पुढे प्रश्न सोडवायला एक गट नेमला गेला. त्या गटातल्या बॉब एबलिंग यांनी ऑक्टोबरात जो अंतर्गत मेमो लिहिला, त्याची सुरुवातच मदतीच्या हाकेनं होती.

हे सगळं तपशिलानं सांगायचं कारण असं की ‘लोक बोलत नाहीत’ ही आपल्या कचेऱ्यांतली नेहमीची तक्रार या प्रकरणाला लागूच पडत नाही. इथे लोक बोलले. सहा महिने आधी बोलले, लेखी बोलले, आणि त्या रात्री फोनवरही बोलले. थायोकॉलची पहिली शिफारस स्पष्ट होती: बारा अंशांच्या खाली उड्डाण करू नये.

नासाचे अधिकारी वैतागले. बूस्टर प्रकल्पाचे व्यवस्थापक लॅरी मलॉय यांनी विचारलं की मग काय एप्रिलपर्यंत थांबायचं म्हणता? तेव्हा थायोकॉलचे जो किलमिन्स्टर यांनी पाच मिनिटं मागितली. आम्ही आपसात बोलून परत येतो, असं म्हणून युटाकडचा फोन म्यूट झाला. ती पाच मिनिटं जवळजवळ अर्ध्या तासाची झाली.

त्या खोलीत काय घडलं, ते चौकशी आयोगापुढच्या साक्षींतून आज आपल्याला ठाऊक आहे. आर्नी थॉम्प्सन हे इंजिनिअर आपल्या जागेवरून उठले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वरिष्ठ बसले होते तिथे गेले आणि एका पॅडवर सांध्याची आकृती काढून समजावू लागले. समोरचे ऐकत नाहीत, हे थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मग बोझोले उठले. त्यांनी काळ्या ग्रीसचे फोटो टेबलावर ठेवले आणि म्हणाले, हे बघा, थंडीत असं झालं होतं. त्यांच्याकडेही कुणी नीट पाहिलं नाही. ते थांबले. वरिष्ठ उपाध्यक्ष जेरी मेसन यांनी आता व्यवस्थापनाचा निर्णय घ्यावा लागेल असं सांगितलं, आणि अजून कां-कू करणाऱ्या रॉबर्ट लुंड यांना म्हणाले की इंजिनिअरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. लुंड हे अभियांत्रिकीचे उपाध्यक्ष होते. चार वरिष्ठांनी मत दिलं. इंजिनिअरांना कुणी विचारलं नाही.

फोन पुन्हा सुरू झाला. कंपनीची शिफारस बदलली होती. नासाकडून विचारणा झाली: यावर कुणाला काही वेगळं म्हणायचंय? कुणीच काही बोललं नाही. बोझोलेसुद्धा बोलले नाहीत.

मी या प्रसंगाकडे पुन्हापुन्हा येतो ते त्या शेवटच्या प्रश्नासाठी. पुण्यात, हिंजवडीत किंवा चाकणला, रोज संध्याकाळी शेकडो बैठका याच प्रश्नावर संपतात. “कुणाला काही शंका?” दोन सेकंद थांबून, “नाही ना? चला मग.” परदेशातल्या ग्राहकाशी कॉल असेल तर तिथे म्यूटचं बटणही असतं. एखादी मुलगी सांगायला लागते की या रिलीजमध्ये डेटा दोनदा लिहिला जातोय. तेवढ्यात कुणीतरी म्यूट करतं आणि म्हणतं, “हे आत्ता नको काढूस.” पलीकडच्या माणसाला फक्त शांतता ऐकू येते. मग कॉल संपतो आणि सगळे खाली चहाच्या टपरीवर जातात. तिथे प्रत्येकाला माहीत असतं की काय बिघडणार आहे, कधी बिघडणार आहे आणि रविवारी रात्री कुणाला उठवलं जाणार आहे. जे वर काचेच्या खोलीत बोलायचं असतं, ते खाली कटिंगबरोबर बोललं जातं.

आपल्या भाषेनं या गप्प बसण्यामागच्या कारणाला एक नेमका शब्द देऊन ठेवलाय: ‘वाईटपणा घेणं’. मी कशाला वाईटपणा घेऊ? वाईटपणा घ्यायला नको म्हणून ते गप्प बसले. दोष दाखवणारा माणूस वाईट ठरतो, हे आपण इतकं गृहीत धरलंय की ते वाईट होणं हे एखादं ओझं उचलावं तसं ‘घ्यायची’ गोष्ट झालीय. जोडीला भीड आहेच. वयानं मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर खोडून काढायचं म्हणजे त्याचा अपमान, आणि नवख्यानं तोंड उघडलं की तो आगाऊपणा. घरात ज्या वळणाला आपण संस्कार म्हणतो, ते वळण डिझाइन रिव्ह्यूच्या खोलीत तसंच घेऊन जाणं धोक्याचं आहे. तिथे मोठ्याचा मान राखला जातो आणि सांधा उघडा राहतो.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. पंचविसेक वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी ट्रेनी होतो. वाहनांसाठी लागणारी हाउसिंग तिथे तयार व्हायची आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर माझी नेमणूक होती. काम साधं. प्लग गेजचं ‘गो’ टोक भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. एके दिवशी दुपारी ‘नो-गो’ टोक एका नगात अलगद आत गेलं. मी तो नग बाजूला ठेवला. आणखी तीन नगांनंतर पुन्हा तेच. शेजारचा जुना माणूस म्हणाला, “गेज झिजलं असेल, झिजलं की जातंच.” तो म्हणाला त्यात तथ्य होतं. झिजलेलं ‘नो-गो’ चांगल्या भोकातही जातं. पण गेज झिजलंय की भोकं मोठी झालीत, हे तिथे उभ्या उभ्या कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यासाठी लॉट थांबवून गेज स्टँडर्ड रूममध्ये पाठवायला हवं होतं. गेटवर ट्रक उभा होता.

मी तो नग हातात घेऊन सुपरवायझर साहेबांच्या टेबलापाशी गेलो. ते फोनवर होते. डिस्पॅचचीच बोलणी चालली होती. फोनवर हात ठेवून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “काय रे?”

मी म्हणालो, “काही नाही साहेब.”

नवव्या दिवशी ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवरून लॉट परत आला. भोकंच मोठी झाली होती. कुणाला इजा झाली नाही, कारण त्यांच्याकडच्या फिटरला बेअरिंग सैल बसतंय हे हाताला जाणवलं आणि त्यानं काम थांबवलं. पुढच्या तीन रात्री आम्ही यार्डात ट्यूबलाइट लावून नग न् नग मोजत बसलो. तिसऱ्या रात्री साहेब शेजारी येऊन बसले. त्यांनी विचारलं, “तुला दिसलं होतं?” मी हो म्हणालो. “मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?”

ते खरंच विचारत होते. ते तापट नव्हते, कुणाला घालूनपाडून बोलत नसत, आणि आपलं दार सगळ्यांना उघडं आहे अशी त्यांची मनापासून समजूत होती. त्यांनी मला “काय रे?” विचारलंही होतं. पण त्या वेळी फोन कानाशी होता आणि हात माउथपीसवर. मी बोललो असतो तर ट्रक थांबला असता, आणि गेज झिजलेलं निघालं असतं तर ट्रक थांबवणारा ट्रेनी म्हणून माझी ओळख झाली असती. बोलण्याची किंमत मला त्याच क्षणी द्यावी लागणार होती. गप्प राहण्याची किंमत नंतर आणि सगळ्यांत वाटून. बावीस वर्षांच्या मुलानं हा हिशेब चुकीचा केला असं मला आजही म्हणता येत नाही. तो हिशेब त्याच्यासमोर तसा मांडून ठेवला होता, हे चुकलं होतं.

याच हिशेबाचं मोठं रूप त्या फोनवर दिसतं. बोझोले यांनी आयोगापुढे जे सांगितलं त्याचं सार असं: नेहमीच्या बैठकीत उड्डाण सुरक्षित आहे हे आम्हाला सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. आणि ते सिद्ध करता येत नव्हतं. किती अंशांवर रिंग निकामी होईल, याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. उलट चोवीस अंशांच्या उबदार हवेत झालेल्या एका उड्डाणातही थोडा वायू निसटला होता, आणि समोरून तेच उदाहरण तोंडावर फेकलं गेलं. बोझोले एवढंच म्हणू शकत होते की थंडी वाढली की आपण चांगल्यापासून दूर जातो.

बहुतेक गंभीर दोष पहिल्यांदा असेच दिसतात. अर्धवट, आकड्यांशिवाय, अनुभवी हाताला लागलेल्या चाहुलीच्या रूपात. म्हणून आपल्याकडच्या कचेऱ्यांत भिंतीवर लावलेलं ‘अडचण घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या’ हे वाक्य मला घातक वाटतं. ते आळशी माणसाला शिस्त लावण्यासाठी लिहिलं असेल, पण बोझोलेसारख्या माणसाला ते दारातच अडवतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. फक्त अडचण होती, आणि ती खरी होती.

समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी या निर्णयावर १९९६मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यांना त्यात एखादा खलनायक सापडला नाही. त्यांना सापडली ती अंगवळणी पडत गेलेली चूक. रिंग पहिल्यांदा जळालेली सापडली तेव्हा सगळे दचकले. दुसऱ्यांदा तपासणी झाली आणि ‘चालण्यासारखं’ असा शेरा पडला. नंतर ते अपेक्षितच ठरलं. यान दर वेळी सुखरूप परत येत होतं, आणि प्रत्येक सुखरूप परतणं हा धोका नसल्याचा पुरावा मानला गेला. दाराच्या कडीला रोज थोडं जास्त ढकलावं लागतं आणि आपण ढकलत राहतो, तसं.

२८ जानेवारीला सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडालं. तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. युटाच्या एका खोलीत एबलिंग आणि बोझोले शेजारी बसून पडद्यावर पाहत होते. यान तळावरच फुटेल अशी त्यांची भीती होती. ते वर चढलं. मिनिटभरानं एबलिंग यांनी देवाचे आभार मानले. त्र्याहत्तराव्या सेकंदाला यान आकाशात फुटलं. सातही जण गेले.

आयोगाच्या एका सुनावणीत नोबेल विजेते शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगेच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवला. थंड रबर दाबातून सोडलं तरी मूळ आकारात लवकर येत नाही, हे सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. त्यात थायोकॉलच्या इंजिनिअरांना ठाऊक नसलेलं काहीच नव्हतं. तीच गोष्ट नावाजलेल्या माणसानं सांगितली तेव्हा ती सगळ्यांना कळली. फाइनमन यांनी अहवालाला जोडलेल्या टिपणात आणखी एक फरक नोंदवला: यान गमावण्याची शक्यता इंजिनिअर शंभरात एक धरत होते, व्यवस्थापन लाखात एक. एकाच संस्थेत, एकाच यानाबद्दल.

सतरा वर्षांनी तेच पुन्हा घडलं, आणि या वेळी आपलं माणूस त्यात होतं. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं. त्यात कर्नालची कल्पना चावला होती, तिचं हे दुसरं उड्डाण. ब्याऐंशीव्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी फिल्म पाहताना इंजिनिअरांच्या ते लक्षात आलं. ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातल्या रॉडनी रोशा या इंजिनिअरला वाटत होतं की लष्करी उपग्रहांकडून किंवा दुर्बिणींतून पंखाचे फोटो मिळवावेत. त्यांनी विनंत्या केल्या. फोटोंची मागणी वरून रद्द झाली. मग त्यांनी एक कडक ईमेल लिहिला. सुरक्षित नसेल तर तसं सांगा, अशी पोस्टरं नासाच्या भिंतींवर लावलेली आहेत, याची त्यात आठवण करून दिली होती. तो ईमेल त्यांनी वरिष्ठांना पाठवला नाही. छापून एका सहकाऱ्याला दाखवला. इतक्या वर थेट लिहायचं नसतं, असं त्यांना सांगितलं गेलेलं होतं. नंतर एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की मी खूप खाली होतो आणि निर्णय घेणाऱ्या बाई खूप वर होत्या.

त्या ईमेलची गोष्ट वाचताना मला दर वेळी ती पोस्टरं दिसतात. बोला म्हणून सांगणारी पोस्टरं भिंतीवर, आणि न पाठवलेला ईमेल त्या भिंतीखाली.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्सासवर तुटून पडलं. पुढे चौकशी मंडळानं तसाच फोमचा तुकडा तशाच पंखाच्या कडेवर झाडून पाहिला. पाऊण किलोच्या त्या तुकड्यानं तिथे चाळीस सेंटिमीटरच्या आसपास भोक पाडलं. मंडळाच्या अहवालात चॅलेंजरचा उल्लेख वारंवार येतो. धोका आहे हे सिद्ध करण्याचा भार पुन्हा इंजिनिअरवरच टाकला गेला, असा निष्कर्ष त्यात आहे.

मग लोकांनी बोलावं असं खरंच वाटत असेल तर काय करायचं? धीट व्हा, असं त्यांना सांगून भागत नाही. बोझोले पुरेसे धीट होते. ज्या व्यवस्था खरोखर चालल्या, त्या बघितल्या की कळतं, त्यांनी माणसाच्या धैर्यावर भार टाकलेलाच नाही.

साकिची टोयोडा यांनी १९२४मध्ये एक माग बनवला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. तुटक्या धाग्यावर चालत राहिलेला माग कापड विणत नाही, नुकसान विणतो. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात हीच कल्पना माणसांपर्यंत आली. लाइनवरच्या कुणाही कामगाराच्या हाताशी एक दोरी. काही खटकलं की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. प्रश्न तेवढ्यात मिटला तर लाइन चालूच राहते, नाही मिटला तर थांबते. आपल्याकडे दोरीचं कौतुक फार होतं, पण खरी जादू दोरीत नाही. ती ओढल्यावर कुणीतरी लगेच येतं, यात आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना १९८४मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. कामगार मोठ्या प्रमाणावर तेच जुने. पूर्वी तिथे काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, हा दंडक होता आणि दोष असलेल्या गाड्या तशाच पुढे सरकत. त्याच माणसांच्या हातात दोरी आली, आणि त्याच हातांनी चांगल्या गाड्या बनू लागल्या.

विमानांच्या जगात हे शहाणपण माणसं गमावून आलं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान उतरताना डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. त्याच दिशेनं उतरताना त्याच सूचनेच्या चुकीच्या अर्थानं दुसऱ्या कंपनीचं एक विमान सहा आठवडे आधी थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं होतं. इतरांपर्यंत ते पोचलंच नाही. त्यातून १९७६मध्ये अशी पद्धत सुरू झाली की वैमानिकानं आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग लिहून पाठवायचा, नाव काढून टाकलं जायचं, आणि दहा दिवसांत कळवलं तर हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीची शिक्षा माफ. हे अर्ज दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत. ते जातात नासाकडे. दुसऱ्यांच्या चुका ऐकून घेण्याची उत्तम यंत्रणा चालवणारी संस्था, दहा वर्षांनी स्वतःच्या बैठकीत ऐकू शकली नाही. ऐकणं हा संस्थेचा स्वभाव म्हणून आपोआप पसरत नाही, ते दर खोलीत वेगळं उभं करावं लागतं, हे मी यातून घेतो.

एमी एडमंडसन या संशोधिकेला नव्वदच्या दशकात एक कोडं पडलं होतं. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास करताना तिला वाटलं होतं की चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे निघाले. चांगल्या तुकड्यांत जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. आपल्याकडचा जो व्यवस्थापक अभिमानानं सांगतो की माझ्या टीमकडून कधी तक्रार येत नाही, त्यानं हे दोनदा वाचावं.

आणि आपल्या घरचं एक उदाहरण. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. शेवटच्या मिनिटांत संगणकानं उड्डाण थांबवलं होतं. तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितलं की काळजीचं कारण नाही, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा हुकूम दिला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती होती. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकार परिषदेत इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पुढे झाले, अपयशाची जबाबदारी आपल्यावर घेतली आणि माझ्या लोकांवर माझा विश्वास आहे असं सांगितलं. १८ जुलै १९८०ला यश आलं तेव्हा धवन यांनी कलामांना पत्रकारांपुढे पाठवलं. ही कथा कलामांनीच आयुष्यभर सांगितली, संगणकाला बाजूला सारल्याच्या कबुलीसकट. आपण ती नेतृत्वाची कथा म्हणून ऐकतो. माझ्या मते तिचा खरा परिणाम त्या टीममधल्या शेवटच्या तंत्रज्ञावर झाला असणार. चूक झाली तर साहेब आपल्याला पुढे ढकलणार नाहीत, हे ज्याला दिसलंय, तोच पुढच्या वेळी व्हॉल्व्ह गळतोय हे वेळेवर सांगतो.

म्हणून माझी विनंती बोलणाऱ्यांना नाही, खुर्चीत बसणाऱ्यांना आहे. बैठक संपताना “कुणाला काही शंका?” विचारू नका. सुरुवातीलाच सगळ्यात नवख्याला विचारा की यात काय बिघडू शकेल, आणि तुमचं मत त्यानंतर सांगा. कुणी अर्धवट काही सांगितलं तर आकडा मागण्याआधी पेन उचला. त्यानं सांगितलेलं चुकीचं निघालं, तर तसं त्याला येऊन सांगा आणि पुढच्या वेळीही सांग म्हणा, कारण त्याची पुढची शंका तुमच्यापर्यंत पोचणार की नाही, हे त्या क्षणी ठरत असतं. आणि कुणी टेबलापाशी येऊन उभं राहिलं, तर फोन ठेवा.

त्या रात्री फ्लोरिडात थायोकॉलचे आणखी एक माणूस होते, ॲलन मॅकडोनाल्ड. तळावरचे कंपनीचे प्रतिनिधी म्हणून शिफारशीवर सही करणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी नकार दिला. सही अखेर युटाहून किलमिन्स्टर यांची फॅक्सनं आली. अपघातानंतर आयोगाच्या बंद सुनावणीत नासाचे अधिकारी त्या फोनबद्दल मोघम बोलू लागले, तेव्हा मागच्या रांगेत बसलेले मॅकडोनाल्ड उठून उभे राहिले आणि आम्ही उड्डाण नको म्हणालो होतो, हे त्यांनी सांगितलं. कंपनीनं त्यांना कामावरून बाजूला केलं. बोझोले यांच्या वाट्यालाही तेच आलं. सहकाऱ्यांनी पाठ फिरवली, प्रकृती ढासळली आणि त्यांनी कंपनी सोडली. एबलिंग यांनी तीस वर्षं स्वतःला दोषी मानलं. २०१६च्या जानेवारीत त्यांनी रेडिओवर हे सांगितल्यावर अनोळखी श्रोत्यांनी त्यांना पत्रं लिहिली, की तुम्ही तुमचं काम केलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

मॅकडोनाल्ड यांच्या बाबतीत अमेरिकी काँग्रेसनं आवाज उठवला. कंपनीला कंत्राटं बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांना परत घेतलं गेलं आणि बूस्टरचा सांधा नव्यानं बनवण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं गेलं. नव्या सांध्यात तिसरी रिंग आली आणि थंडीसाठी हीटर आले. २९ सप्टेंबर १९८८ला तो पहिल्यांदा उडाला. ते धरून शटलची पुढे ११० उड्डाणं झाली. ज्या माणसानं सही नाकारली होती, त्याच्या देखरेखीखाली बनलेल्या त्या सांध्यामुळे त्यांतलं एकही यान गेलं नाही.